पाठवणीची गाडी आणि पिवळा दिवा

३ एप्रिल, गुरुवार. सकाळी सव्वासात.

गाडी चालू केली तर डॅशबोर्डवर पिवळा दिवा. इंजिनचं चित्र आहे त्याच्यावर. दोनदा बंद-चालू करून पाहिली. दिवा ठाम. गाडी मात्र एकदम ओके. आवाज नाही, धक्का नाही, धूर नाही. म्हणजे बिघाड गाडीत नसून दिव्यात आहे.

पण आलाय अगदी नको त्या वेळी. अक्षय तृतीयेला योगिताचं लग्न. योगिता माझी भाची, आक्काची एकुलती एक. अकरावी-बारावीला बीडला आमच्याकडेच होती. आम्हाला मूलबाळ नाही. या घरात लेक म्हणून कुणी धिंगाणा घातला असेल तर तिनंच. लग्न आष्टीला, सासर माजलगावचं, आणि आक्कानं मागंच ठरवून टाकलंय की पोरगी सासरी जाईल ती मामाच्या गाडीतून. दुसरं काही मागितलं नाही तिनं माझ्याकडं. मी 'जाईल' म्हणालो आणि मग भेटेल त्याला सांगत सुटलो.

संकल्प: दिव्याकडे लक्ष न देणे.

त्याच दिवशी, दुपारी.

लक्ष दिलं नाही. माझ्या सायन्सच्या क्लासमध्ये दहावीच्या बॅचला भिंग शिकवायचं होतं, फळ्यावर इंजिन काढलं. पोरांनी ते वहीत उतरवून घेतलं.

५ एप्रिल, शनिवार.

सर्व्हिस सेंटरला गेलतो. टाय लावलेल्या साहेबांनी मशीन जोडलं आणि म्हणाले, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची ताकद कमी झालीय. सायलेन्सरच्या आधी पाइपात एक डबा असतो म्हणे, आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक जाळी, विषारी धूर तिथं साफ होतो. ती जाळी आता नीट काम करत नाही. गाडी ठेवून जा सर, नवीन डबा मागवतो, लग्नाच्या आत होऊन जाईल.

मी शांतपणे विचारलं, कॅटॅलिस्ट, म्हणजे आपला उत्प्रेरक, म्हणजे काय? साहेब मशीनची वायर गुंडाळायला लागले. मग मीच सांगितलं: स्वतः न बदलता अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ. स्वतः न बदलता! जो बदलतच नाही तो खराब कसा होईल, आणि जो खराब होत नाही तो बदलायचा कशाला? हे वाक्य मी वर्षानुवर्षं पोरांकडून घोकून घेतोय. रांगेतले लोक ऐकत होते. एकानं मान डोलावली. गाडी घेऊन बाहेर पडलो.

दिवा चालूच. पण मुद्दा मी जिंकलो.

६ एप्रिल, रविवार.

वनमाला, माझी बायको, म्हणते, तो माणूस लग्नाच्या आत करून देतो म्हणला ना, मग द्यायची की गाडी. तिला तत्त्वाचा प्रश्न समजावून सांगितला. तिनं मध्येच कुकर लावला.

ऑनलाइन स्कॅनर मागवला. स्टीअरिंगखाली खोचायचा, मोबाइलवर गाडीची सगळी कुंडली दिसते. संकल्प: निदान आपण करणार, इलाजही आपणच.

९ एप्रिल, बुधवार.

स्कॅनर आला. बॅच अर्ध्यातच सोडली. कोड निघाला, पी झिरो फोर ट्वेंटी. शोधून पाहिलं तर जगभर लोकांना हाच कोड येऊन राहिलाय. आपण एकटे नाही म्हटल्यावर बरं वाटलं.

डब्याच्या पुढं एक सेन्सर असतो, मागं एक. दोघांच्या रेघा स्क्रीनवर पाहिल्या. दोन्ही एका तालात वर-खाली. इतकं एकमत आमच्या घरात कधी झालेलं नाही. म्हणजे सिस्टिम फर्स्ट क्लास.

नंतर वाचण्यात आलं की मागची रेघ सपाट पाहिजे. दोन्ही सारख्याच नाचल्या तर डबा नुसता लटकलाय, काम काही करत नाही, असा अर्थ होतो. हे वाचायलाच नको होतं.

पण खाली एक बटण सापडलं, 'क्लिअर'. दाबलं. दिवा गेला! एवढ्यासाठी डबा बदलायला निघाले होते. आक्काला लगेच फोन केला, म्हटलं गाडीचा एक किचकट प्रॉब्लेम होता, मुळासकट काढला. ती म्हणाली, मला काय कळतंय त्यातलं, पोरीसाठी तेवढी चकाचक धूव म्हंजे झालं.

११ एप्रिल, शुक्रवार.

पत्रिका द्यायला वडवणीकडं गेलतो. येताना दिवा परत. क्लिअर.

१२ एप्रिल, शनिवार.

क्लिअर. दुपारी पुन्हा क्लिअर. आता सकाळी देवपूजा झाली की गाडीत जाऊन एक क्लिअर, असा नेम ठेवायचा. वनमालानं विचारलं, म्हणजे ताप आला की थर्मामीटर झटकून ठेवायचा का? मी म्हटलं, तुझा सायन्सशी संबंध काय. ती म्हणाली, थर्मामीटरशी हाय की.

जेवण गेलं नाही. दोन घास खाल्ले की उठून गाडीपाशी जाऊन येतो.

१३ एप्रिल, रविवार.

आज विजयसिंह आला होता. दाजींचा धाकटा भाऊ, योगिताचा काका. राजकारणात असतो, कपडे कायम इस्त्रीचे, आणि नवी गाडी इतकी उंच की चढायला खाली पायरी लावलीय. मला म्हणाला, चला सर, तुमच्या गाडीत एक चक्कर मारू, मापं बघू हाराची. चौकात पोचेपर्यंत दिवा लागला. सकाळीच क्लिअर केलं होतं!

तो दिव्याकडं बघत होता, मी रस्त्याकडं. मग म्हणाला, सर, हिला सर्दी झालीय का? लई काळजी करू नका, आपली गाडी हायच की. गरज पडली तर पोरगी बसंल तिच्यात.

गरज पडली तर! हा माणूस गरज पडावी म्हणून नवस बोलला असणार.

संध्याकाळी आक्काचा फोन. बातमी पोचली होती. म्हणाली, अभिमन्या, जमत नसलं तर आत्ताच सांग बाबा, मी राग मानायची न्हाई. मी तिच्यावरच खेकसलो. जमत नसलं म्हणजे काय? माझी भाची आहे ती. फोन ठेवल्यावर अंगणात बराच वेळ येरझाऱ्या घातल्या.

१६ एप्रिल, बुधवार.

हनुमानच्या गॅरेजला गेलो. हनुमान माझा शाळेतला दोस्त, त्यामुळं तोंडाला कुलूप नाही. गाडीखाली घुसला, डब्यावर पान्यानं ठोकलं, बाहेर येऊन म्हणाला, कावून एवढा जीव जाळतोय बे? आतली जाळी फोडून टाकू, रिकामा डबा परत बसवू. गाडी पळंल बघ कशी.

मी नकार दिला. पर्यावरणावर मी दरवर्षी निबंध लिहून घेतो. मग त्यानं मागचा सेन्सर बदलून पाहिला. दिवा तसाच. मग म्हणाला, मग दिव्यावरच काळी पट्टी लावू. यावर दोन मिनिटं विचार केला हे इथं कबूल करतो, पण नाही म्हणालो.

१८ एप्रिल, शुक्रवार.

व्हिडिओ सापडला. डब्यात काजळी साचते म्हणे. गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवून जोरात पळवली की डबा तापून काजळी जळून जाते. सोपं! वनमालाला गिरणीतून आणायला गेलतो, तिथूनच थेट बायपासला घेतली. तिसरा गिअर, पाय दाबलेला, इंजिन बोंबलतंय. वनमाला पिठाचा डबा मांडीवर धरून ओरडत होती की चौथा टाका, चौथा टाका. तिला कारण सांगायला तिच्याकडं वळलो आणि पुढं गतिरोधक.

पीठ सगळीकडं. एसीच्या जाळीत, माझ्या भुवयांत. वनमाला बायपासवर उतरली आणि रिक्षा करून घरी गेली. रिक्षावाल्यानं माझ्याकडं पाहून नमस्कार केला. त्याला वाटलं असेल देवाचं भस्म लावलंय.

दिवा चालू आहे.

२० एप्रिल, रविवार.

सापडलं!! आज सापडलं!

दुसरा एक व्हिडिओ. परदेशातला माणूस कन्व्हर्टर खोलून आम्लात भिजत घालतो, काजळी सुटते, डबा नव्यासारखा. कोणतं आम्ल वापरावं याचा विचार करत स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो, तर वनमाला रुखवताचा पितळेचा समई-तांब्या चिंचेनं घासत बसलेली. काळाकुट्ट तांब्या. एक हात फिरवला की सोन्यासारखा.

चिंच. टार्टारिक आम्ल! दहावीच्या पोरांना विचारा, कोणीही सांगेल. परदेशातला माणूस बाजारातलं आम्ल आणतो, कारण त्याच्या बहिणीची आष्टीत चिंचेची झाडं नाहीत. आक्कानं परवाच आमची वर्षाची चिंच पाठवलीय, फोडून, चिंचोके काढून, मीठ लावून गोळे केलेली. देव देतो तेव्हा असं देतो.

रात्रभर झोप लागणार नाही. चांगल्या अर्थानं.

२२ एप्रिल, मंगळवार.

हनुमाननं डबा काढून दिला. म्हणाला, कशात भिजवतोय? मी म्हटलं, सेंद्रिय आम्लात. तो म्हणाला, बरं बुवा, तू शिकलेला हायस.

घरी आणून मोठ्या टबात ठेवला. वनमाला हळदीच्या खरेदीला गेलेली, तेवढ्यात सगळे गोळे गरम पाण्यात कालवले. वर्षाची चिंच आहे, पण प्रयोगात कंजुषी करून चालत नाही. दाट कोळ झाला. डबा बुडाला. बुडबुडे आले! अभिक्रिया सुरू!

(दुरुस्ती: बुडबुडे आतल्या हवेचे असू शकतात. तरी चिन्ह शुभ.)

वनमाला परत आली. टब पाहिला, रिकामी बरणी पाहिली, मग मला पाहिलं. वर्षभर आमटीत काय घालू, एवढंच विचारलं. तिचा आवाज चढला नाही याचीच जास्त भीती वाटली.

२४ एप्रिल, गुरुवार.

डबा बाहेर काढला. बाहेरून लखलखीत. आतून धुतला, पाइप लावून धुतला. कोळ निघतोय, निघतोय, संपतच नाही. चिंचेचे दोरे जाळीत अडकलेत. वनमालाच्या विणायच्या सुईनं जमेल तेवढे ओढले. एका बाजूनं बॅटरी मारली आणि दुसऱ्या बाजूनं पाहिलं. प्रकाश पलीकडं येत नाही. पण डबा वाकडा धरला असेल.

हनुमाननं परत बसवला, म्हणाला, धूर निघंल ना बे यातून? चालू केली. क्लिअर केलं. दिवा गेला.

पाच मिनिटांत गल्लीभर फोडणीच्या सारासारखा वास. शेजारच्या छबुबाई भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, सर, आज काय कार्यक्रम हाय का? लई झकास वास सुटलाय.

दिवा लागला नाही. हे महत्त्वाचं.

२६ एप्रिल, शनिवार.

दिवा अजून लागलेला नाही. वनमालाचं म्हणणं, गाडी कुठं नेलीच नाही तर लागंल कसा. चक्कर मारून बघा म्हणते, आष्टीला जाऊन या. मी म्हटलं, ऑपरेशन झालेल्या माणसाला कुणी पळायला लावतं का? लग्नापर्यंत गाडीला विश्रांती. ती उद्या एसटीनं पुढं जाणार आहे.

पाठवणीला कसा बसेन त्याची तालीम करून पाहिली. गाडी जाग्यावरच, मी आत. आरसा असा लावला की मागं बसलेली योगिता दिसेल. डोळे भरून आले तर रस्ता दिसणार नाही, म्हणून रुमाल डॅशबोर्डवर ठेवायचा. योगितानं या गाडीतूनच पहिल्यांदा परीक्षेला जाताना माझा हात घट्ट धरला होता. गिअर टाकायची पंचाईत झाली होती.

२९ एप्रिल, मंगळवार. आष्टी.

पोचलो. जरा वेळ लागला. गाडी आता संयमी झालीय, पाय दाबला तरी घाई करत नाही. वाटेत एक रिकामा उसाचा ट्रॅक्टर पुढं गेला. त्यावरच्या माणसानं वळून दूरपर्यंत माझ्याकडं पाहिलं. चढावर एक सायकलवाला बरोबरीनं चालत होता, त्याच्याशी थोड्या गप्पा झाल्या.

पण दिवा? नाही! आक्कानं गाडीला कुंकू लावलं, बॉनेटवरून हात फिरवला, म्हणाली, मला ठाव होतं, तू करशीलच. योगिता हळदीच्या अंगानं पळत आली, स्टीअरिंगवर पिवळे हात उमटवून गेली. पुसायचे नाहीत.

विजयसिंहनं त्याची गाडी मंगल कार्यालयाच्या फाटकापाशी तोंड बाहेर करून लावलीय. लावू दे.

३० एप्रिल, बुधवार. सकाळी.

झेंडूचे हार चढले. मागच्या काचेवर नावं लागली. बारा पस्तीसचा मुहूर्त. मांडवात नवरीला मामानं आणायचं असतं, म्हणजे मीच, आणि मांडवातून सासरी न्यायचं तेही मीच. आज बीड जिल्ह्यात माझ्याएवढा सुखी मामा नसेल.

गाडीपाशी चारदा जाऊन आलो. हार बघायला, दिवा नाही.

त्याच दिवशी. संध्याकाळी. गाडीत बसून.

सगळं जसं झालं तसं लिहून ठेवतो, म्हणजे निदान नीट करता येईल.

लग्न छान लागलं. पाठवणीला आक्का योगिताच्या गळ्यात पडून रडली, मग माझ्या. म्हणाली, तू हायस म्हणून मला घोर न्हाई. मी रडलो नाही, मला गाडी चालवायची होती. नवरानवरी मागं बसली. वनमाला पाठराखीण म्हणून पुढं. चालू केली. चिंच करपल्याचा वास आला. नवरदेव हळूच म्हणाला, मामा, जेवणाचे डबे घेतलेत का बरोबर? मी हो म्हणालो.

गावाबाहेर पहिला चढ. गाडीनं एक लांब उसासा टाकला आणि बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. मागं सगळं वऱ्हाड थांबलं, ओळीनं हॉर्न. बॉनेट उघडून उभा राहिलो. काय बघत होतो ते मलाच माहीत नाही. स्कॅनर लावला. कोड नाही. स्कॅनरच्या मते गाडी उत्तम आहे.

लोक ढकलायला आले. मी स्टीअरिंगवर. नवरदेव फेट्यासकट ढकलत होता, त्याचे मित्र हसत होते, कुणीतरी मोबाइलवर काढत होतं. मग आरशात पाहिलं. योगिता खाली उतरलेली. शालूचा पदर कमरेला खोचलेला, हिरव्या चुड्याचे दोन्ही हात डिकीवर, आणि पूर्ण जोर लावून ढकलत होती. माझी गाडी. सासरी जाताना.

मी ब्रेक दाबला.

विजयसिंह आला. मला वाटलं, आता हा बोलणार. काय बोलेल त्याची मी उत्तरंसुद्धा तयार केली होती. त्यानं आपल्या गाडीचं दार उघडलं आणि बाजूला उभा राहिला. बोलला असता तर फार बरं झालं असतं.

योगिता माझ्या खिडकीशी आली. कपाळावर घाम, मुंडावळ्या एका बाजूला सरकलेल्या. म्हणाली, मामा, जाऊ का त्यांच्या गाडीत? तुमी म्हणलात तर थांबते. खरंच थांबली असती ती. मी म्हटलं, जा बाळा, मी मागनं येतोच. वनमाला तिच्याबरोबर गेली. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेली, चिंचेबद्दल काही बोलली नाही. बाकीच्यांना मीच पुढं घालवलं. हार अजून ताजे आहेत. धूळ बसलीय थोडी.

आता कारण. माझ्या मते पेट्रोल भेसळीचं असावं. किंवा चढाचा कोन. चिंचेचा संबंध नाही, कारण आम्लानं काजळी निघाली हे सिद्ध झालंय. उद्या हनुमानला बोलवून डबा खोलायचा, आणि या वेळेस लिंबू

दिवेलागणीला.

मध्येच योगिताचा फोन आला. पोचली. सासूबाईंनी ओवाळलं, माप ओलांडलं, सगळं नीट झालं. मग विचारलं, मामा, तुमी पोचलात का घरी?

हे विचारायचं असतं ते मी. पोरगी सासरी पोचली का, नीट पोचली का, हे मामानं विचारायचं. मी म्हणालो, कवाच पोचलो. तेवढ्यात शेजारून एक ट्रक हॉर्न वाजवत गेला, गाडी हलली. तिला ऐकू गेलं असणार. तरी जेवलात का म्हणाली. जेवलो म्हटलं. मग म्हणाली, विजयकाकांला सांगितलंय मी, ट्रॅक्टर निघालाय, टोचन लावून ओढत आणतील तुमाला. तोवर तुमी गाडीला हात लावू नका, मामा. पाणी हाय का पेयला?

आहे म्हणालो. फोन ठेवला आणि मग रडलो. पाठवणीला राहून गेलं होतं.